भुशाची शेगडी, माईआत्या आणि सतवासचे टमाटर

इथं देवासच्या दोन्ही पात्यांवर लिहून झालं, धारच्या वाड्यांवर झालं, इंदूरच्या गल्ल्यांवर तर दर आठवड्याला असतं. सतवासवर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. लिहिणार तरी कोण? माझ्या लहानपणी तिथं मराठी घरं मोजून सहा, आणि मी कॉलेजसाठी गाव सोडलं तेव्हा दोन. त्यातलं एक आमचं. म्हणून मीच बसलोय लिहायला. पोस्ट लांब आहे, आणि विषय ऐकून हसाल. विषय आहे टमाटरचा सॉस.

आधी गाव कुठं ते सांगतो. इंदूर-बैतूल रस्त्यावर कन्नोद लागतं, तिथून दक्षिणेला आत वळलं की सतवास. आसपास कांटाफोड, लोहारदा, बाकी सागाचं जंगल. आणखी खाली गेलं की नर्मदा आणि पलीकडे निमाड. देवास जिल्ह्यातलं म्हटलं की लोक आम्हाला पवारांचे समजतात, पण आम्ही होळकरांचे. हा सगळा पट्टा नेमावरकडचा, इंदूर संस्थानातला. 1948 साली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, त्यानंतर आम्ही देवासवाले झालो. पणजोबा होळकरांच्या वसुली खात्यात कारकून होते. त्या नोकरीमुळे आम्ही या गावात आलो, आणि नोकरी गेली तरी घर आणि थोडी जमीन होती म्हणून राहिलो. बहुतेकांची हीच कथा आहे, त्यात नवीन काही नाही.

आम्ही टोमॅटोला टमाटर म्हणायचो. पुण्याचे नातेवाईक यावर फार हसायचे. 'तुमचं मराठी हिंदीच झालंय' वगैरे. पण जुन्या मराठीत त्याला वेलवांगी म्हणत, कुणी बेलवांगीही म्हणत, आणि काही भागांत आजही भेदरं म्हणतात. म्हणजे टोमॅटो हा शब्द पुणेकरांनाही इंग्रजांनीच दिला, फक्त त्यांनी तो सरळ घेतला आणि आम्ही हिंदीच्या दारातून. मूळ शब्द तिकडे मेक्सिकोतल्या नहुआत्ल भाषेतला, 'तोमात्ल'. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे फळ युरोपात नेलं. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आलं असं मानतात, पण मिरचीसारखं ते लगेच स्वयंपाकघरात शिरलं नाही. मिरचीने शे-दोनशे वर्षांत सगळा देश काबीज केला. टमाटर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मुख्यतः साहेबांच्या बंगल्यासाठी पिकायचा. आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच होती, आमसूल होतं, कैरी होती, ताक होतं. मग याची गरज कुणाला पडावी?

आमच्या आजीला तर मुळीच नव्हती. टमाटर कापला की आतून मांसासारखा दिसतो, हे तिचं कारण. श्राद्धाला, नैवेद्याला तो चालत नव्हताच. कांदा, लसूण, मसूर यांच्या पंगतीत त्याला बसवलेलं. पण आजी त्याच्याही पुढे गेली होती. तिच्या चुलीवर टमाटर कधीच चढायचा नाही. वडिलांना तो आवडायचा, तर ते कच्चाच चिरून मीठ लावून ओसरीवर बसून खायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. एवढा मोठा माणूस, तहसीलीत कामाला, आणि टमाटर खाताना चोरासारखा.

हा टमाटर आमच्या घरात शिजायला लागला तो माईआत्यामुळे.

माईआत्या वडिलांची धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि 1960 साली ती माहेरी परत आली. मी तेव्हा तीन वर्षांचा. पुढे माझं सगळं लहानपण तिच्या मागे मागे गेलं. ती शिकलेली होती, सातवीपर्यंत. हातात पैसा नव्हता, आणि भावाकडे मागायचा नाही असं तिनं ठरवलेलं. 1963 साली इंदूरला मामांकडे गेली असताना तिनं फळं टिकवण्याचा एक छोटा सरकारी वर्ग केला. मुरंबे, सरबतं, लोणची, आणि सॉस. परत आली ती एक दोनशेपानी वही घेऊन. ती वही आज माझ्याकडे आहे.

आता सतवासचा हिवाळा डोळ्यापुढे आणा. नर्मदेकडच्या वाड्यांतून पौष-माघात हाटाला टमाटर यायचे. देशी, चपटे, खाचा पडलेले, पातळ सालीचे आणि आंबट. आजचे अंडाकृती, घट्ट, महिनाभर टिकणारे नव्हेत. हे दोन दिवसात फुटायचे. सगळ्यांचे एकदमच पिकायचे, त्यामुळे भाव कोसळायचा. संध्याकाळी हाट उठताना बायका टोपलीच्या टोपली मिळेल त्या पैशात देऊन मोकळ्या व्हायच्या, कारण परत डोक्यावर वाहून नेण्यापेक्षा ते बरं. आत्या नेमकी त्या वेळी जायची. मी थैल्या धरायला.

आजीची चूल बंद, म्हणून आत्यानं परसात आपलं वेगळं राज्य मांडलं. तिथं होती भुशाची शेगडी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा मोठा डबा घ्यायचा, खाली बाजूला एक भोक पाडायचं. आत मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक गोल लाकूड बाटलीपर्यंत सरकवायचं, आणि सगळीकडून लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि लाकूड अलगद फिरवत बाहेर काढायचं. आत एक बोगदा तयार होतो. खालून पेटवलं की भुसा आतल्या बाजूने हळूहळू जळत जातो. ज्वाला नाही, फुंकणं नाही, लाकडं सारणं नाही. एकदा भरली की चार-पाच तास एकसारखी मंद आच. सागाच्या आरा मशीनवर भुसा जवळपास फुकट मिळायचा. गावात चहावाल्यांकडे या शेगड्या होत्या, आत्यानं तिथं पाहून आपली करून घेतली.

मराठी स्वयंपाकाला मंद आच काही नवी नव्हती. चुलीला वैल असायचा, मुख्य जाळाची उरलेली धग जिथं पोचते तो. दूध, आमटी त्यावर निवांत राहायची. माळव्यात बाफले कंड्यांच्या फुफाट्यात भाजतात, तीही तीच विद्या. पण वैल आजीचा होता, आणि आजीच्या चुलीचा भाग असल्यामुळे सोवळ्यातला. भुशाची शेगडी कुणाचीच नव्हती. तिला ना सोवळं ना ओवळं. मला वाटतं म्हणूनच ती आत्याला मिळाली.

कृती वहीत आहे तशी सांगतो, मध्ये माझी टिपणं घालून.

टमाटर पूर्ण पिकलेले, हिरवा देठ काढून. चिरून ठेवायचे नाहीत; 'चिरताच चढवावे' असं तिनं खाली रेघ ओढून लिहिलंय. याचं कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं. टमाटर कापला की त्याच्यातलंच एक द्रव्य त्याच्या पेक्टिनला, म्हणजे दाटपणा देणाऱ्या भागाला, खायला लागतं. पटकन उकळी आणली तर ते द्रव्य मरतं आणि सॉस दाट होतो. रेंगाळलात तर पाणी वर आणि चोथा खाली. म्हणून पहिली उकळी मोठ्या जाळावर, तीन दगडांच्या चुलीवर, कल्हईच्या पातेल्यात. कल्हई ताजी हवी, नाहीतर आंबटामुळे पितळ उतरतं आणि कळकतं. कल्हईवाला आला नसेल तर त्या आठवड्यात सॉस नाही.

उकळले की गाळायचे. इथं घरात महाभारत झालं. आत्यानं पहिल्या वर्षी आमचं पितळी पुरणयंत्र वापरलं. त्याच्याइतकं चांगलं टमाटरचं बी आणि साल दुसरं काही अडवत नाही, हे खरंच आहे. आजीनं पाहिलं. होळी महिन्यावर आलेली. 'आता या यंत्रातलं पुरण देवाला दाखवू का मी?' एवढंच म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही. त्या वर्षी पुरण पाट्यावर वाटलं. पुढच्या वर्षी आत्यानं सॉसच्या पैशातून इंदूरहून नवं पुरणयंत्र आणून आजीपुढे ठेवलं. आजीनं ते घेतलं, धुतलं, पूजा केली. सॉसच्या पैशाचं चाललं, हे माझ्या वडिलांनी तिला कधीही बोलून दाखवलं नाही. शहाणा माणूस.

मग गाळलेला रस कुंभाराकडच्या जाड बुडाच्या हंडीत, आणि हंडी भुशाच्या शेगडीवर. वहीत तासांचा हिशोब नाही. 'दोन शेगड्या' लिहिलंय. म्हणजे डबा दोनदा भरायचा. दोन्ही शेगड्यांना झाकण नाही, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. वाफ जाते, माशी येत नाही, आणि फुटफुट उडणारा सॉस अंगावर येत नाही. मसाले कुटून पुरचुंडीत: लवंग, दालचिनी, मिरे, जिरं, वेलदोडा, निमाडी लाल मिरची, किसलेला कांदा, लसूण. पुरचुंडी हंडीत लोंबकळत सोडायची, मसाला थेट घातला तर रंग काळवंडतो. साखर एक तृतीयांश आधी, बाकीची शेवटी. रस तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुरचुंडी पिळून काढायची, मग सिरका, उरलेली साखर आणि सगळ्यात शेवटी मीठ. थाळीवर थेंब टाकून बघायचा: भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून वेळ आहे.

टमाटरमध्ये शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असतं. सॉस करणं म्हणजे ते पाणी घालवणं, आणि बाकी सगळं न घालवणं. मोठ्या जाळावर पाणी लवकर जातं पण बूड लागतं. मंद आचेवर वेळ जातो. त्या वेळात कडेची साखर हळूहळू तांबूस होत जाते, आणि सॉसला एक खोल, गोडसर, किंचित धुराचा वास येतो. त्याचा रंगही बदलतो. दुकानातल्यासारखा लालभडक राहत नाही, विटेसारखा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाटल्यांचं काय? गावात नव्या बाटल्या कुठून? डाकबंगल्यावर साहेब लोक येत, शिकारी येत. तिथला चौकीदार रिकाम्या रमच्या बाटल्या द्यायचा. विधवा बाई परसात बसून राख आणि सोड्यानं दारूच्या बाटल्या घासतेय, हे दृश्य आजीनं कसं सोसलं असेल देव जाणे. उकळून, उन्हात वाळवून, गरम बाटलीत गरम सॉस भरायचा. वर बूच आणि मेण. विकायच्या बाटल्यांत चिमूटभर सोडियम बेंझोएट, वर्गात शिकवल्याप्रमाणे तोलून. घरच्या बाटल्यांत नाही.

या बेंझोएटवरून तिकडे अमेरिकेत केवढं रण माजलं होतं! 'केचप' हा शब्द मुळात चिनी किनाऱ्यावरच्या मासळीच्या आंबट-खारट रसाचा. टमाटरचं केचप अमेरिकेत 1812 साली फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ नावाच्या डॉक्टरने छापून आणलं. पुढे कारखाने वाढले. कच्च्या-सडक्या टमाटरचा गाळ, वर रंग आणि बेंझोएट असला माल निघू लागला. 1906 साली तिथं शुद्ध अन्नाचा कायदा झाला, त्या सुमारास हाइन्झ कंपनीने बेंझोएट सोडलं आणि पूर्ण पिकलेले टमाटर, जास्त साखर, जास्त सिरका यावर सॉस टिकवून दाखवला. आपल्याकडे 1955 साली फळपदार्थांचा हुकूम आला, त्यात सॉसमध्ये घन भाग आणि आंबटपणा किती हवा याचे आकडे ठरले. आत्याला हाइन्झ माहीत नव्हता. पण घरच्या बाटलीत ती जे करत होती ते हेच होतं.

नुकसानही झालं. 1967 साली फेब्रुवारीतच ऊन तापलं आणि एका रात्री फडताळात धडाधड बुचं उडाली. सकाळी भिंत लाल. बाटल्या गार झाल्यावर भरल्या होत्या, घाई झाली होती, आत यीस्ट राहिलं आणि सॉस आंबला. सव्वीस बाटल्या गेल्या. वहीत त्या तारखेला फक्त '26' आकडा आहे आणि त्यावर काट. आई म्हणाली, 'अगं जाऊ दे.' आत्या काही बोलली नाही, भिंत पुसत राहिली.

गिऱ्हाईक कोण? कन्नोदचे दोन-तीन मास्तर, जंगल खात्याचे रेंजर, एक दवाखान्यातली नर्स, कांटाफोडचा एक जैन व्यापारी (त्याच्यासाठी कांदा-लसूण वगळून वेगळी हंडी). फार नाही. हिवाळ्याच्या दोन महिन्यांत जे मिळायचं त्यात तिची वर्षाची लुगडी, माझी वह्या-पुस्तकं आणि ते पुरणयंत्र.

आता जे लिहायला ही पोस्ट सुरू केली ते लिहितो. 1969 च्या डिसेंबरात इंदूरहून माझे मामेभाऊ आले. सोबत दुकानातली सॉसची बाटली, काचेची, लेबलवाली. आत लालभडक. ताटात आमचा सॉसही वाढलेला. त्यांनी विचारलं, 'हे काय, चिंचेची चटणी?' आणि मी, बारा वर्षांचा, त्यांच्या आधी हसलो. म्हणालो, 'आमच्या आत्याचा सॉस आहे. काळाच होतो तो. मला नाही आवडत.' आवडत होता. रोज पोळीला लावून खायचो. आत्या तेव्हा दारात होती, हातात पोळ्यांचं ताट. तिनं पोळ्या वाढल्या, आत गेली.

तिनं मला कधी काही म्हटलं नाही. पण त्या हिवाळ्यानंतर घरच्या बाटल्या कमी झाल्या, मग बंद. विकायचा सॉस ती 1973 पर्यंत करत होती. आमच्या पंगतीत तो पुन्हा आला नाही. मी एकदा मागितला होता, दहावीच्या सुमारास. 'माईआत्या, सॉस दे ना.' म्हणाली, 'संपला रे.' फडताळात बाटल्या दिसत होत्या.

घर 1983 साली विकलं. आत्या आमच्याबरोबर इंदूरला आली, 1992 साली गेली. वही मला तिच्या पेटीत मिळाली, आणि ती मी नीट वाचली गेल्या दोन वर्षांत. जानेवारी 1970 च्या पानावर तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'रंगासाठी मोठी आच. शेगडी नाही. रंग आला. चव गेली.' त्याखाली पुढच्या आठवड्याचं: 'पुन्हा मोठी आच. थोडं बीट. नको.' एवढंच.

वही बाहेर निघाली कशी तेही सांगतो. मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो, सप्टेंबरचे दिवस, त्यांच्या परसात टमाटर मावत नव्हते. सूनबाईंनी एक विजेचं भांडं काढलं, स्लो कुकर. आत चिनी मातीचं जाड भांडं, बाहेर तापणारी भिंत, वर काचेचं झाकण. दोनशे-अडीचशे वॉटवर आठ-आठ तास. मी हात लावून पाहिला आणि हसलो. कुंभाराची हंडी आणि भुशाचा डबा, फक्त प्लग लावलेला!

त्याचा शोध लावला अर्विंग नॅक्सन या अमेरिकन माणसाने, पेटंट 1940 चं. त्याची आई लिथुआनियातली ज्यू. शुक्रवारी सूर्यास्तानंतर त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून तिकडे लोक कडधान्य-मांसाचं भांडं आधीच बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून येत आणि शनिवारी गरम जेवत. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून त्याला भांडं सुचलं. 1970 साली रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणला. म्हणजे तिकडेही मुळाशी एक सोवळंच. आणि आपल्याकडे कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 साली इकमिक कुकर केला होता, खाली कोळसे आणि वर डबे. तोही मंद आचेचाच.

तर स्लो कुकरमध्ये तीन किलो टमाटर चढवले. सूनबाईंच्या पद्धतीनं झाकण लावून आठ तास. उघडलं तर नुसतं सार! झाकणावरची वाफ परत आत पडत होती, पाणी जाणार कुठं? सूनबाई हिरमुसल्या. तेव्हा मला आठवली हंडीच्या तोंडाला बांधलेली ती मलमल. झाकण काढलं, फडकं बांधलं, आच 'हाय'वर, आणखी पाच तास. रात्री अकरा वाजता थाळीवर थेंब टाकला, कडं सुटलं नाही. सिरका विसरू नका बरं, चवीसाठीच नाही, तो सॉसला पुरेसा आंबट ठेवतो आणि टिकवतो. तरीही बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

रंग विटेचा आला. चव जवळपास तीच. धूर नव्हता.

मागच्या वर्षी सतवासला जाऊन आलो. आमच्या परसाच्या जागी दुकानांची रांग आहे. भुशाच्या शेगड्या कुठंच नाहीत. खाली नर्मदेकडे गेलो. इंदिरा सागर धरणाचं पाणी 2004 साली चढलं, हरसूद गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण या बाजूच्या काठच्या जमिनीही गेल्या. ज्या वाड्यांतून ते चपटे, खाचांचे टमाटर यायचे त्यातल्या काही आता पाण्याखाली आहेत. हाटात टमाटर होते, भरपूर. अंडाकृती.

एक विनंती आहे. वहीत पुरचुंडीच्या मसाल्यांचं पान खालून फाटलंय. शेवटचा शब्द 'फूल' एवढाच वाचता येतो, त्याआधीचा तुकडा गेलाय. चक्रीफूल, दगडफूल की आणखी काही? इंदूरच्या त्या काळच्या वर्गात कुणाची आई, मावशी शिकली असेल, किंवा कन्नोद-कांटाफोडकडे कुणाच्या घरी रमच्या बाटलीतला, मेणाचं बूच लावलेला विटेच्या रंगाचा सॉस येत असेल, तर जरूर कळवा. मी तिन्ही घालून पाहिलंय. दगडफुलानं जवळ येतं, पण ते नाही.